वळकटीवाले गुरुजी

माणूस नंतर दिसायचा, आधी त्याची वळकटी दिसायची.

सिद्धगडाच्या कुशीतल्या त्या वाडीकडे खालून येणारी पायवाट पावसाळा सरता सरता पुरुषभर गवतातून जाते. शाळेच्या ओट्यावर उभं राहिलं, की गवताच्या शेंड्यांवरून एक राखाडी नळकांडं डुलत डुलत वर येताना दिसे. पोरं ओरडत, "नळकांडा आला, नळकांडा आला," आणि दंगा घालणारी सगळी फौज एका सुरात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस मोजायला लागे. मग नळकांड्याखालून गुरुजी निघत. किडकिडीत अंग, कपाळावर घाम, पाठीला खाकी सॅक आणि सॅकेच्या अंगाला उभी बांधलेली फोमची गुंडाळी. गड चढायला येणारी शहरातली मुलं तिला कॅरीमॅट म्हणतात. गुरुजी वळकटी म्हणत.

ती बांधण्याचंही त्यांचं एक शास्त्र होतं. आडवी बांधायची नाही. "आडवी बांधली की माणूस दीड माणसाएवढा होतो आणि कारवी त्याला सोडत नाही," असं ते म्हणत आणि खरोखरच त्या वाटेवरची कारवीची झुडपं आडव्या सामानाला धरून मागे ओढत. उभी बांधायची, तीही दरीच्या बाजूला, म्हणजे डोंगराच्या अंगाने घासत नाही. आता चढताना डोंगर उजव्या हाताला असला तर उतरताना डाव्या हाताला येणार. म्हणून गुरुजी निघताना ओट्यावर बसून वळकटीच्या दोन्ही नाड्या सोडत आणि ती दुसऱ्या बाजूला बांधत. नाड्या लेंग्याच्या होत्या. घाई असो, यष्टी चुको, बाजू बदलल्याशिवाय ते वाट उतरले नाहीत. आणि यष्टीत तर ते खेकड्यासारखे तिरपे शिरत. कंडक्टर दर वेळी एकच विनोद करी, "गुर्जी, ह्याचा हाफ तिकीट घ्या."

मी त्या शाळेत दुसरी शिक्षिका म्हणून गेले तेव्हा तेहतीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. हल्ली इतकं कळत नाही, त्यामुळे तब्येत बरी असते.

घर शहापूरला. नवरा, सासू, दोन मुलं तिकडे. मी सोमवारी पहाटे निघून शहापूर-मुरबाड करी, मुरबाडहून दुसरी यष्टी, फाट्यावर उतरून तासाभराची चढण, आणि शनिवारी दुपारी हेच उलट. मधले दिवस वाडीत. डी.एड.ला असताना समतेवर भाषण करून मी स्टीलचा डबा पटकावला होता. भाषण डोक्यात आणि डबा पिशवीत, अशी मी वाडीत शिरले. ठाकर आदिवासींची वाडी, कारवीच्या कुडांची घरं, शेणाने सारवलेल्या जमिनी. मला वाटलं, आता इथे मी माणुसकी काय असते ते दाखवते. वाडीने मला काही म्हटलं नाही. बुधीआजीने आपल्या घरात माझी झोपायची सोय केली आणि गुरुजी पूर्वीपासून शाळेच्या खोलीतच राहत.

गुरुजी कसाऱ्याचे. वडील रेल्वेत. मुख्याध्यापक ते, शिपाई ते, आणि मी यायच्या आधी सगळे वर्गही तेच. त्यांच्या आधीचे मास्तर महिन्यातून दोनदा उगवत आणि हजेरीवर तीस सह्या करून मावळत, असं बुधीआजी सांगे. हे मात्र नऊ वर्षं तिथे ठाण मांडून होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. वाडीतल्या कुणाच्याही घरात कागद आला, वीजबिल असो, दवाखान्याची चिठ्ठी असो, की तो आधी गुरुजींच्या चष्म्याखालून जाई.

वळकटी त्यांची नव्हतीच मुळी. गड बघायला आलेली एक टोळी शाळेच्या ओट्यावर झोपली आणि सकाळी ती विसरून गेली. गुरुजींनी ती ओढ्यावर धुतली, वाळवली आणि एका कडेला काळ्या शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'परत न्यावी'. कुणी नेली नाही. तेव्हापासून ती त्यांच्या पाठीवर.

का, असं विचारलं, की दर माणसाला वेगळं उत्तर. तपासणीला आलेल्या साहेबांना सांगितलं, मणका. पोरांना सांगितलं, "माझी झोप यात असते. इथे तिथे सांडू नये म्हणून गुंडाळून आणतो." कंडक्टरला सांगितलं, "मालक वाटेत भेटला तर? जवळ नको?"

एकदा धसईला आम्हा शिक्षकांचं शिबिर होतं. दुपारच्या सुट्टीत गुरुजींनी बाजाराच्या कडेला आंब्याखाली वळकटी पसरली आणि वर बसून शेंगा खायला लागले. मी शेजारी उभी. सरकारी शिक्षिकेने बाजारात जमिनीवर बसायचं नसतं, असा माझा एक नियम होता. वांगी विकणारी एक बाई आली, फोम बोटाने दाबून बघितला.

"ह्यो कितीला देशील रे?"

"माझा नाही. मालकाला विचारून सांगतो."

"मालक कुठं हाय?"

"तोच शोधतोय."

ती शेजारणीला म्हणाली, "चोरीचा दिसतो गो," आणि दोघी लांब जाऊन बसल्या. गुरुजींना याचा इतका आनंद झाला, की शिबिराच्या उरलेल्या वेळात ते अधूनमधून एकटेच हसत होते. माझे कान तापले होते. लोक मलाही त्या चोराबरोबरची समजले असणार, एवढीच मला काळजी.

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. "पाठ आपली, तर पाठीखालचंही आपलंच असावं." हे वाक्य मी मनात टिपून ठेवलं. पुरावा म्हणून.

कारण भादव्यात पट नोंदवायला आम्ही लांबच्या एका पाड्यावर गेलो. घरोघर फिरून शाळेत येण्याजोगी मुलं शोधायची. ओढ्याला पाणी चढलं, परतता येईना, मुक्काम पडला. ज्या घरात जेवलो त्या घरच्या बाईने दिवेलागणीला दोन गोधड्या आणून ठेवल्या, एक गुरुजींना, एक मला. गुरुजींनी वळकटी सोडून ओटीवर पसरली.

"ती आत न्या वहिनी. मला हिचीच सवय आहे."

"चालत नाय का गुर्जी आमची?"

"चालते हो. हिच्याशिवाय झोपच येत नाही."

बाईने गोधडी उचलली, छातीशी धरली आणि आत गेली. तिचा चेहरा मी पाहिला. माझ्या मते तो पडला होता. चेहरे वाचता येणं ही माझी तेव्हाची आणखी एक विद्या. मग मी गुरुजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मला द्या हो वहिनी, मला तुमचीच गोधडी हवी," आणि तिच्यावर अशी ऐसपैस पसरले, की जणू मी झोपत नाही, समाज सुधारते आहे.

परत आल्यावर मी विहिरीवर बोलले. मनात आलं ते सांगून टाकणं म्हणजे प्रामाणिकपणा, अशी माझी पक्की समजूत. बुधीआजीची सून सखू होती, आणखी चौघी-पाचजणी होत्या.

"गुरुजींना तुमच्या गोधडीचा विटाळ होतो. म्हणून आपलं अंथरूण पाठीवर घेऊन फिरतात."

सखूने भरलेली कळशी उगाच पुन्हा ओतली आणि पुन्हा भरली. मग म्हणाली, "आमाला गुर्जी आसा वाटला नवता."

बस, एवढंच. भांडण नाही, शिवी नाही. वाडीत गुरुजींच्या भाकरीचे वार लावलेले होते, आज या घरची, उद्या त्या घरची. पहिल्या आठवड्यात भाकरी आणणारं पोर ती उंबऱ्यावर ठेवून पळायला लागलं. पुढच्या आठवड्यात भाकरीच येईना. गुरुजी शाळेच्या पातेल्यात भात शिजवून मिठाशी खाऊ लागले. माझी भाकरी बुधीआजीकडे चालू होती, आणि वर वालाची भाजी. कार्तिकात नवा भात आला. नव्या तांदळाच्या जेवणाला दर वर्षी गुरुजींना घराघरांतून बोलावणं असे. त्या वर्षी धूर सगळ्या घरांतून निघाला, आणि गुरुजी शाळेच्या पायरीवर वळकटीवर बसून वह्या तपासत होते. मला पाहून म्हणाले, "नव्या भाताचा वास फार लांब येतो, नाही?" मी म्हटलं, "हो ना." आणि मनात म्हटलं, भोगा.

पुढे एक दिवस बुधीआजीचा मुलगा काळू माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"बाय, गुर्जीच्या बदलीचा कागद लिवून देशील का? मानसा म्हनतात, ज्याला आमचा विटाळ त्याच्या हाती पोरा कशाला."

मी दिला लिहून. मोत्यासारखं अक्षर, चारी बाजूंनी समास, खाली साऱ्या वाडीचे अंगठे. शाई मीच पुरवली. गुरुजी गेले तर त्यांच्या जागी या आडरानात दुसरं कोण राहायला येईल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. आणि निवृत्तीच्या तोंडावर एका माणसाच्या नावापुढे 'विटाळ मानतो' असं कायमचं लागेल, हा तर नाहीच नाही. कागद काळूकडे दिला. मुरबाडला जाईन तेव्हा देतो, म्हणाला.

पौषातली थंडी सुरू झाली. एरवी मी अंथरुणावर पडले की मेले. पण त्या दिवशी वालाची भाजी जास्त झाली होती, तिने मला उजाडायच्या आधी उठवलं. आतल्या खोलीतून बाहेर आले तर बुधीआजी चुलीच्या राखेकडे पाठ करून बसलेली. चुलीपलीकडे सखू आणि तिची दोन पोरं एकमेकांत गुंतून पडलेली, अंगावर खताचं पोतं उसवून केलेलं पांघरूण आणि सखूचं दुसरं लुगडं.

"उटलीस का बाय? नीज, नीज. आजून उजाडला नाय."

"आजी, तुम्ही झोपला नाहीत?"

"म्हातारीला कशाची झोप."

ती अशीच लवकर उठते, असं मी शहापूरला सासूला कौतुकाने सांगत असे. वाडीतली म्हातारी बघा, पहाटे चुलीपाशी, नाहीतर तुम्ही. मी मागे वळून माझ्या अंथरुणाकडे पाहिलं. एक गोधडी खाली, एक वर.

"आजी, घरात गोधड्या किती?"

"हायेत की. दोन."

जूनपासून मी त्या घरात होते. रात्री मी झोपल्यावर ही माणसं आडवी होत आणि मी उठायच्या आत आवरून बसत.

"मी काय पाहुणी आहे का आजी? इतके महिने?"

"जवर तुजा घर इथं नाय, तवर तू पावनीच." मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "कुनाला बोलू नको बाय. पावन्याला घालून घरची मानसा उगडी निजतात, हा भायेर गेला त आमाला तोंड नाय ऱ्हानार. दुसरा पावना यायला कचरंल."

तेव्हा मला त्या लांबच्या पाड्यावरची बाई आठवली. गोधडी छातीशी धरून आत जाणारी. तिच्या घरातही दोनच असतील. तिचा चेहरा पडला नव्हता. सुटला होता. पोरांवर घालायला एक तरी परत मिळाली म्हणून. आणि दुसरी मी मागून घेतली होती, आवाज चढवून.

"काळू कुठाय?"

"गेला कवाच. आज मुरबाड गाठतो म्हनला. तो कागद हाय ना तुजा."

पुढचा तासाभराचा उतार मी किती वेळात उतरले ते विचारू नका. पायात सपाता, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. दोनदा घसरले. कारवीने पदर धरला, तो तिच्याकडेच थोडा राहिला. आठची यष्टी. एकदा कागद हापिसात गेला की त्याच्यावर शिक्का बसणार, आणि शिक्का बसलेलं काहीही या देशात मागे येत नाही, एवढं मला तेव्हाही ठाऊक होतं.

फाट्यावर पोचले आणि बघते तर काय. दगडी कठड्यावर वळकटी पसरलेली, तिच्यावर एका टोकाला काळू, दुसऱ्या टोकाला गुरुजी, आणि गुरुजींच्या हातात माझा कागद. त्या दिवशी त्यांची मुरबाडला बैठक होती, तेही याच यष्टीने निघालेले.

"या बाई," गुरुजी चष्म्यावरून म्हणाले. "तुमचं अक्षर फार सुंदर आहे."

काळू निरागसपणे म्हणाला, "मुरबाडात कंच्या हापिसात द्यायचा ते मला काय म्हायती? आपल्या वाडीचा कागद गुर्जीच वाचतात. म्हटला, तुमचाच हाय, तुमीच सांगा."

"मुख्याध्यापकाच्या सहीशिवाय असा अर्ज पुढे सरकत नाही," गुरुजी म्हणाले. "म्हणून सही केलीय. शिक्का शाळेत राहिला, नाहीतर तोही मारला असता."

खरं सांगावं, तर बुधीआजीला दिलेला शब्द जातो. न सांगावं, तर कागद जातो. आणि लांबच्या वळणावर यष्टीचा भोंगा वाजला.

"काळूदादा, तो कागद मला परत दे," मी म्हटलं. "गुरुजींना खरूज आहे."

काळू वळकटीवरून असा उडाला, की खाली फुरसं निघालं असावं. "काय?"

"खरूज. जुनी. दुसऱ्याच्या अंथरुणावर झोपले तर त्या घराला लागेल, म्हणून बिचारे आपलं वेगळं घेऊन फिरतात. विटाळ-बिटाळ काही नाही. मला काल कळलं."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. मग अगदी सावकाश शर्टाची बाही वर केली आणि कोपर खाजवलं.

"झाली आता बरीच वर्षं," ते म्हणाले, आणि दुसरंही खाजवलं.

काळूच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते वाचायला कुठली विद्या लागत नव्हती. एवढा मोठा माणूस एवढा हलका झालेला मी पुन्हा पाहिला नाही. "आरं द्येवा. आन सांगला नाय? आमी काय खाल्ला असता का तुमाला? सगल्या वाडीला आतून कसा व्हत होता, गुर्जी आसा निगाला म्हनून." गुरुजींच्या हातातला कागद त्याने दोन बोटांत धरून माझ्याकडे दिला, ओढ्यावर जाऊन हात धुतले आणि बातमी घेऊन डोंगर चढायला लागला. मुरबाडचं काम विसरला. यष्टी मुरबाडला पोचायच्या आधी तो वाडीत पोचला असेल.

"मला का नाही सांगितलंत?" मी गुरुजींना विचारलं.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही थेट लिहिलंत."

मी कागदाचे तुकडे करत होते. ते वळकटी गुंडाळत होते.

"मी इथे आलो त्या थंडीत एका घरी झोपलो होतो. सकाळी त्या घरातलं पोर तापाने फणफणलं. गोधडी माझ्या अंगावर होती. आता हे मी चारचौघांत बोलायचं? अमक्याच्या घरी पांघरूण नाही म्हणून? त्यापेक्षा माझ्या नावाला लागलं तर एकट्या माझ्याच लागतं." नाडीची गाठ मारून ते उठले. "पण बाई, खरूज? दुसरं काही सुचलं नाही? मणका होता, दमा होता."

"घाईत होते."

"तेही खरं," म्हणाले, आणि तिरपे होऊन, तोवर येऊन थांबलेल्या यष्टीत शिरले.

माझी अक्कल तिथे थांबली असती तर बरं होतं. पण वाडीला सुटल्यासारखं झालं होतं, आणि सुटलेली माणसं काहीतरी करतातच. गुरुजी संध्याकाळी वर आले तर ओट्यावर बुधीआजी वाडगाभर करंजेल घेऊन बसलेली. खरजेला करंजाचं तेल, हे तिथलं पोरही सांगेल. गुरुजींना शर्ट काढायला लावला. शाळेची सगळी मुलं गोल करून बघायला बसली. म्हातारीने त्यांना मानेपासून कमरेपर्यंत चोळलं. रोज. शाळा सुटली की तेल. करंजेलाचा वास कडू, उग्र, कपड्यांतून निघत नाही. हजेरीपटाला तो वास, खडूंना तो वास, तपासणीच्या साहेबांनी तर खुर्ची दारात ओढून घेतली. गुरुजी एक अक्षर बोलले नाहीत. फक्त तेल लावून घेताना माझ्याकडे बघत, आणि मी तातडीने फळा पुसायला जाई.

भाकरीचे वार पुन्हा सुरू झाले. दोन घरांनी तर नवा भात राखून ठेवला होता, तो गुरुजींसाठी पुन्हा शिजला. त्या पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसले. जमिनीवर.

चारसहा दिवसांनी विहिरीकडे जाताना बुधीआजी मला एकटीला म्हणाली, "बाय, गुर्जीच्या अंगाव येक फोड नाय."

मी पायाखालची वाट बघू लागले.

"आसूं दे. थंडी हाय. तेल लावलेला बरा." चार पावलं चालून मग म्हणाली, "वळकटी चांगली हाय पर त्याची. तूबी येक आन."

म्हणजे तिला कधीचं कळलं होतं. मग मी पुढच्या सोमवारी शहापूरहून सासूची जाड सतरंजी आणि घोंगडी बांधून आणली, आडवी बांधून आणली, आणि कारवीशी मारामारी करत वर पोचले तेव्हा तासाभराचे दोन तास झाले होते. बुधीआजीच्या दोन्ही गोधड्या त्या संध्याकाळी घरच्यांच्या अंगावर गेल्या. मी स्वतःवर खूश.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर सखू माझ्याकडे बघेना. बाकीच्या पदराआड हसत होत्या.

"काय झालं गं?"

"काय नाय बाय." मग तिला राहवेना. "तूबी आपला वेगला आनलास. म्हंजे तुलाबी लागली."

"काय लागली?"

"गुर्जीची खरूज." आणि कळशी डोक्यावर घेत म्हणाली, "बाय, खरूज काय वाऱ्यानं येत नाय गो."

विहीर हसली, असंच म्हणते. मी लाल. कुठल्या तोंडाने नाही म्हणू? खरूज माझीच होती, मीच जन्माला घातलेली. मग रोज संध्याकाळी ओट्यावर गुरुजींना तेल आणि चुलीपाशी मला. शनिवारी घरी गेले तर नवऱ्याने दारातच नाक धरलं. "तू शाळेत शिकवतेस का घाण्यावर बसतेस?" सासूने माझं अंथरूण दोन्ही रात्री वेगळं ठेवलं. होळीला आम्ही दोघंही बरे झालो, असं बुधीआजीने वाडीला जाहीर केलं, तेव्हा गुरुजींनी सगळ्यांना गुळाचा खडा वाटला.

पुढच्या वर्षी ते तिथूनच निवृत्त झाले. सारी वाडी फाट्यापर्यंत पोचवायला उतरली. यष्टीत चढायच्या आधी त्यांनी सॅकेच्या नाड्या सोडल्या आणि वळकटी माझ्या हातात दिली.

"मालक भेटला तर देऊन टाका."

"आणि तुम्हाला?"

"कसाऱ्याला गाद्या आहेत. सून रोज उन्हात टाकते." मग प्रथमच ते यष्टीत सरळ शिरले.

आता ते नाहीत. आपल्या घरी, आपल्या अंथरुणात, झोपेत गेले. शेवटपर्यंत पुन्हा कुणाची गोधडी घेतली नाही.

गेल्या महिन्यात माझी नात मैत्रिणींबरोबर सिद्धगडला निघाली. नवी कॅरीमॅट आणायला वेळ नव्हता म्हणून मी माळ्यावरून ती काढून दिली. कडेची अक्षरं पुसट झालीत, पण वाचता येतात. ती सॅकेला आडवी बांधायला लागली.

"उभी बांध. दरीच्या बाजूला. उतरताना बाजू बदल."

"आज्जी, तुला काय माहीत गं ट्रेकिंगमधलं?"

"काही नाही. बांध तू. आणि मालक भेटला तर देऊन टाक."

सोमवारी ती परत आली, उन्हाने रापलेली, बडबडत. वाडीत आता राहायची सोय आहे म्हणे. काळूचा मुलगा चालवतो. गाद्यांची पार छतापर्यंत थप्पी, प्रत्येकाला रजई, वर आणखी हवी का म्हणून विचारतात. मी तिला तो थप्पीचा भाग दोनदा सांगायला लावला. छतापर्यंत? हो गं आज्जी, छतापर्यंत. बरं वाटलं मला. इतकं बरं वाटलं, की उठून चहा टाकला.

"पण ती मॅट बघून तिथली एक म्हातारी हसायलाच लागली," नात म्हणाली. "सखू नाव तिचं. अक्षरांवरून हात फिरवला, मग विचारलं, शहापूरची बाय तुजी कोन? म्हटलं आज्जी. तर मला मॅट उघडूच देईना. गादीवर झोपवलं. आणि निघताना हे दिलं तुझ्यासाठी."

तिने सॅकेतून पाण्याची एक जुनी बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. आत पिवळट तपकिरी तेल.

"म्हणाली, बायला विचार, खरूज बरी झाली का. आज्जी, तुला खरूज होती? कुणाकडून लागली?"

मी बूच उघडलं. तो कडू वास घरभर पसरला, आणि आतल्या खोलीतून तिचे आजोबा ओरडले, "आली का परत घाण्यावरून?"